घरतपासणीत उघडी पडलेली एसी-गीझरची सदोष जोडणी : किनारपट्टीवरचे अनुभव

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीच्या दक्षिणेला, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे घर आहे. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, जांभ्याच्या चिऱ्यांचा. वरचा आम्ही तीन वर्षांपूर्वी चढवला. आई-बाबा मुंबईची जागा सोडून कायमचे गावी राहायला आले, तेव्हा गेल्या वर्षीच्या चैत्रात त्यांच्यासाठी दीड टनाचे दोन आणि एक टनाचा एक असे तीन एसी व दोन गीझर घेतले. यंत्रे निवडताना मी पुष्कळ चौकशी केली होती. ती बसवणार कोण, याची मात्र केली नाही. दुकानदाराने "फिटिंग आमच्याकडे लागले" असे सांगितले आणि दोन मुलांनी एका दिवसात तिन्ही एसी लावून दिले, तेव्हा आम्हाला त्यांच्या झपाट्याचे कौतुकच वाटले.

दिवाळीच्या सुमारास वरच्या खोलीतला एसी नुसताच वारा देऊ लागला. गॅस गेल्याचे निदान झाले, गॅस भरला, दीड महिन्यात तो पुन्हा गेला, पुन्हा भरला. त्यातच माघातल्या एका सकाळी आईने ओल्या हाताने गीझरखालचा कॉक फिरवला आणि तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. त्या दिवशी मी गीझरचा स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली आणि घरांची तपासणी करणाऱ्या एका निवृत्त अभियंत्यांना चिपळुणाहून बोलावून घेतले. त्यांनी पूर्ण दिवस दिला. त्यांना काय आढळले ते सविस्तर लिहितो, कारण असली कामे माझ्या एकट्याच्याच घरी झाली असतील असे मला वाटत नाही.

सुरुवात त्यांनी वरच्या एसीपासून केली. वीस मिनिटे यंत्र चालू ठेवून त्यांनी आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजले. २७ अंशांची हवा आत जात होती आणि २२ अंशांची बाहेर येत होती. खालच्या खोलीत हाच फरक ११ अंशांचा भरला. हा फरक साधारणपणे ८ ते १२ अंशांचा असावा, मात्र दमट दिवसांत तो थोडा कमी दिसला तरी घाबरू नये, कारण यंत्राची बरीच शक्ती हवेतल्या वाफेचे पाणी करण्यात जाते, असे त्यांनी समजावून सांगितले. मग आम्ही गच्चीवर गेलो. आउटडोअरच्या बारीक पाइपवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, आणि ज्या नटाने तो पाइप जोडला होता त्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसली होती. साबणाचा फेस लावल्यावर मिनिटभराने तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. त्यांनी गॅस उतरवून घेऊन नट सोडला, तेव्हा तांब्याच्या नळीचे फुलवलेले तोंड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखे पातळ होते आणि कडेला केसासारखी चीर गेली होती. नळी कापल्यावर तिच्या आतली धार साफ न करताच ती फुलवली होती, आणि नट पान्याने अंदाजे आवळला होता. गॅस बंद नळ्यांतच फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. त्यामुळे गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे, हे त्यांचे शब्द माझ्या मनात राहिले आहेत, कारण दोन वेळा मी तेच केले होते.

त्यांनी मला विचारले की, बसवताना नळ्यांमधली हवा पंपाने ओढून घेतली होती का. मला आठवते त्याप्रमाणे त्या मुलांकडे पंप नव्हताच. एका टोकाचा व्हॉल्व्ह किंचित उघडून त्यांनी दुसऱ्या टोकाने काही क्षण फुसकन् गॅस जाऊ दिला आणि नट आवळला. अशाने हवा बरीचशी जाते, पण नळीच्या आतल्या भिंतीला धरलेला ओलावा जात नाही. तो कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर हळूहळू आतून खराब होतो. आपल्या हवेत हा ओलावा किती असेल, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

त्यानंतर पाणी. त्यांनी इनडोअरच्या तळातल्या पन्हाळीत बाटलीने एक लिटर पाणी हळूहळू ओतले आणि बाबांना बाहेर बादली धरून उभे केले. बादलीत अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी आले. भिंतीला पाडलेले भोक बाहेरच्या बाजूला उतरते असायला हवे होते. आमचे आतल्या बाजूला उतरते होते, आणि बाहेर ड्रेन पाइपला मध्येच झोळ पडला होता. उरलेले पाणी भिंतीत जात होते. जांभा पाणी पितो, आणि प्यायलेले पाणी लवकर सोडत नाही. इनडोअर उतरवल्यावर मागे हातभर रुंदीची काळी बुरशी होती व गिलावा बोटाने दाबताच पिठासारखा गळत होता. मे महिन्यातल्या रात्री दीड टनाचा एसी आमच्याकडे तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते सहा-सात महिने असे भिंतीत मुरत होते आणि आई त्याच खोलीत झोपत होती. तिच्या खोकल्याला आम्ही जागा मानवत नसल्याचे कारण देत होतो.

गीझरचा प्रकार याहून गंभीर निघाला. सॉकेट उघडल्यावर अर्थिंगची तार आत आलेलीच नव्हती. तिच्याऐवजी अर्थच्या पिनेला वीतभर तारेचा तुकडा लावून तो न्यूट्रलला जोडला होता. टेस्टर लावणाऱ्याला अर्थिंग "आहे" असे वाटावे, एवढाच त्याचा उपयोग. न्यूट्रलची तार कुठेही तुटली, तर गीझरचे अख्खे धातूचे अंग विद्युतभारित होऊ शकते. गीझर आणि एसी एकत्र चालू असताना कॉक आणि ओली फरशी यांच्यामध्ये त्यांनी ३८ व्होल्ट मोजले. मुख्य बोर्डात आरसीसीबी (वीज कुठे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारी कळ) होती, पण पावसाळ्यात ती सारखी पडते म्हणून कोणीतरी तिला बगल देऊन तारा थेट जोडल्या होत्या. शिवाय गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारलेले होते. पाणी तापून फुगले की वाढलेला दाब बाहेर जावा यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो, हे मला त्या दिवशी कळले.

माझे दोन प्रश्न आहेत. चिऱ्याच्या भिंतीत ही यंत्रे भक्कम कशी टांगावीत? आमच्या आउटडोअरच्या स्टँडचा एक बोल्ट हाताने फिरत होता, आणि त्याच्या खालून विहिरीकडे जायची वाट आहे. दुसरे, पुन्हा काम करून घेताना कोणत्या टप्प्यावर स्वतः उभे राहून काय पाहावे?

चिरेबंदी

मी गेली बावीस वर्षे राजापूर-लांजा भागात बांधकामे करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. चिऱ्याला नैसर्गिक छिद्रे असतात आणि त्याची घनता दगडागणिक बदलते. काँक्रीटसाठी बनवलेला फुगणारा बोल्ट चिऱ्यात आवळला की तो आजूबाजूचा दगड चुरत जातो. बसवतानाच्या दिवशी घट्ट वाटतो आणि यंत्राच्या थरथरीने वर्षभरात ढिला होतो. प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर तर पंचवीस लिटरचा गीझर मुळीच टांगू नये, कारण भरलेल्या गीझरचे वजन पस्तीस किलोच्या आसपास जाते. चिऱ्याच्या भिंतीत आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला रुंद पट्टी द्यावी, किंवा तेवढा चिरा काढून त्या जागी काँक्रीटचा ठोकळा ओतावा आणि तो पुरेसा पक्का झाल्यावर त्यात बोल्ट बसवावा. आउटडोअरला जमिनीवर किंवा स्लॅबवर जागा असेल, तर भिंतीवर टांगूच नका. स्टँड साधा रंग मारलेला लोखंडी अँगल नको. समुद्रापासून इतक्या जवळ त्याचे दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. गरम जस्ताचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या, आणि बोल्टही त्याच जातीचे घ्या. स्टेनलेसच्या स्टँडला साधे लोखंडी बोल्ट लावलेले मी अनेकदा पाहिले आहेत. खाऱ्या हवेत दोन निराळे धातू एकमेकांना लागले की हलक्या प्रतीचा आधी गंजतो.

भिंतीतले भोक नेहमी आतून बाहेर उतरते पाडावे आणि त्यात प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घालूनच नळ्या न्याव्यात. नुसत्या चिऱ्यातून नळ्या नेल्या, तर पावसाळ्यात भिंतीतली ओल त्याच वाटेने खोलीत येते.

गारवा

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या पट्ट्यात मी अठरा वर्षे एसी बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करीत आहे, त्यामुळे वरचे वाचून वाईट वाटले आणि आश्चर्य मात्र वाटले नाही. त्या दोन मुलांची बाजू न घेता त्यांची परिस्थिती सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत एका जोडीला दिवसाला पाच-सहा यंत्रे बसवण्याचा तगादा असतो. मजुरी यंत्रामागे ठरलेली असते, वेळेमागे नाही. पंप लावून नीट काम केले, तर एका यंत्राला अडीच-तीन तास लागतात आणि त्या जास्तीच्या वेळेचे पैसे ना दुकान देते ना गिऱ्हाईक. "फुकट फिटिंग" असे लिहिलेले असते तेव्हा त्याची किंमत कुठून तरी वसूल होते, आणि ती बहुधा पंप न लावण्यातून होते. नवीन मुलांपैकी कितीतरी जणांनी दाबमापकाशिवाय दुसरे साधनच हाताळलेले नसते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. नळी फुलवण्यापूर्वी तिची धार साफ केली जाते का, ते पाहा. त्या वेळी नळीचे तोंड खाली धरलेले असावे, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. नळ्या जोडल्यावर गॅस सोडण्याआधी नायट्रोजन भरून दाब धरतो का, ते तपासायला सांगा. ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. काही ठिकाणी वेल्डिंगचे सिलिंडर हाताशी असते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. त्यानंतर पंप किमान वीस मिनिटे चालावा आणि बंद केल्यावर दहा मिनिटे काटा जागचा हलू नये. ज्याच्याकडे नळीतली पोकळी मायक्रॉनमध्ये मोजणारे मापक असेल, त्याने ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन दाखवावे. काटा परत वर चढला, तर कुठेतरी गळती आहे किंवा आत ओल आहे, आणि कितीही घाई असली तरी तिथेच थांबायला हवे.

यंत्रातला गॅस कोणता, हे पाटीवर लिहिलेले असते. हल्ली बहुतेक यंत्रांत आर ३२ असतो, काहींत आर २९० म्हणजे प्रोपेन असतो. पहिला सौम्य ज्वलनशील आहे, दुसरा चांगलाच ज्वलनशील. म्हणून नळ्यांत गॅस असताना कोणी तिथे ज्योतीच्या टॉर्चने जोड मारू लागला, तर त्याला थांबवा. गॅस भरताना तो वजनकाट्यावर तोलून भरावा. नुसता दाब पाहून भरलेला गॅस आपल्याकडच्या हवेत हमखास कमी-जास्त होतो.

आणखी एक गोष्ट. जाड आणि बारीक अशा दोन्ही नळ्यांना वेगवेगळे रबरी आवरण हवे. दोन्ही एकाच आवरणात कोंबून वरून पांढरी पट्टी गुंडाळलेली दिसली, तर ते काम परत करून घ्या. त्या आवरणाच्या आत घाम सुटतो आणि पाणी नळीच्या कडेने घरात येते.

पांथस्थ

अलिबागला नव्या इमारतीत सदनिका घेतली. तांब्याच्या नळ्या आणि ड्रेन पाइप बिल्डरने भिंतीतूनच दिले होते. ताबा घेताना तपासणीसाने त्या नळ्यांत नायट्रोजन भरून पाहिला. चारपैकी एका खोलीत दाब टिकला नाही. भिंतीच्या आत जोड दिलेला होता आणि तोच गळत होता. ड्रेनचा पाइप तर सांडपाण्याच्या नळाला थेट जोडला होता, मध्ये पाण्याचा सापळा नव्हता, त्यामुळे एसी बंद असताना खोलीत गटाराचा वास येत असे. गच्चीवरच्या यंत्रांसाठी ठेवलेला कोनाडा इतका अरुंद आहे की, एकाने सोडलेली गरम हवा दुसरा ओढून घेतो. मागे वीतभर आणि पुढे निदान दोन-तीन फूट मोकळे असावे, असे तपासणीस म्हणाले. नेमके अंतर यंत्राच्या माहितीपुस्तकात असते. बिल्डर म्हणतो की, एसी तुमचा, तेव्हा जबाबदारी तुमची. यावर काय करता येईल?

कायदेवाचक

पांथस्थ, नळ्या आणि ड्रेन बिल्डरने दिले असतील व तसे करारात असेल, तर जबाबदारी त्यांचीच आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा पुरवलेल्या सेवांच्या दर्जातील दोष लक्षात आणून दिल्यास, तो तीस दिवसांच्या आत विनामूल्य दुरुस्त करून देणे हे प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे, कर्तव्य आहे. न केल्यास महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. दोष लेखी कळवा, तपासणीचा अहवाल आणि दाब मोजतानाची छायाचित्रे तारखेसह जोडा. तोंडी बोलण्याला पुढे काही किंमत उरत नाही.

धागाकर्त्यांच्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. सदोष फिटिंग ही सेवेतील त्रुटी आहे. आधी दुकानदाराला व कंपनीला लेखी कळवावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि तरीही दाद न मिळाल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. फिटिंगची वेगळी पावती नाही म्हणून अडू नका. यंत्राच्या बिलावर "फिटिंगसह" असे लिहिलेले असेल, तर तेवढे पुरेसे बोलके आहे.

दर्याकिनारी

मालवणला आमच्या पाच खोल्या पर्यटकांसाठी आहेत. इथे एक वेगळी चूक सांगावीशी वाटते, जी बसवण्याच्या आधीच होते. गिऱ्हाइकांना खोली झटपट गार हवी म्हणून आम्ही शंभर चौरस फुटांच्या खोल्यांत दीड टनाची यंत्रे लावली. खोली पाच मिनिटांत गार होते, यंत्र थांबते, आणि हवेतला दमटपणा मात्र तसाच राहतो. चादरी ओलसर लागत, आरशांवर बाष्प धरे, कपाटांत बुरशी येई. एक टनाची यंत्रे बसवल्यावर ती जास्त वेळ सलग चालतात, पाणी जास्त काढतात, आणि २५-२६ अंशांवरही पाहुण्यांना बरे वाटते.

आउटडोअरचे तोंड समुद्राकडे ठेवू नये, हेही आम्ही नुकसान सोसून शिकलो. पश्चिमेच्या वाऱ्याने ॲल्युमिनियमचे पंख दोन वर्षांत पिठासारखे झाले होते. आता यंत्रे पूर्वेच्या भिंतीआड आहेत आणि पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने आम्ही कॉइल धुतो. जोराचा फवारा मारू नका, पंख वाकतात.

वाडीतला

श्रीवर्धनहून लिहीत आहे. सौर गीझरचाही उल्लेख या धाग्यात असावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, तेव्हा आमच्या आळीतल्या दोन घरांवरचे सौर गीझर गच्चीवरून उडाले. दोन्ही नुसते विटांवर टेकवून ठेवलेले होते. आमचा राहिला, कारण वडिलांनी चारही पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत पक्के केले होते. त्यांना तेव्हा सगळ्यांनी जास्तीचा खर्च म्हणून हिणवले होते.

माहेरवाशीण

धागाकर्त्यांच्या आईंना काही झाले नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. माझे सांगणे गॅसच्या गीझरविषयी आहे. माझ्या माहेरी दापोलीला न्हाणीघरात गॅस गीझर लावला होता आणि थंडीत वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा बसवला होता. भावजय आत चक्कर येऊन पडली. दार तोडून बाहेर काढल्यावर ती शुद्धीवर आली. बंद जागेत हवा अपुरी पडली की जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणसाला गुंगी आल्याचे कळेपर्यंत उठण्याचे बळ उरत नाही. गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. बंबावर पाणी तापवायची पद्धत होती तेव्हा बंब पडवीत किंवा मागच्या अंगणात असे. जाळ घराबाहेर ठेवण्यात मोठा शहाणपणा होता.

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गारवा यांनी वेळेचा आणि मजुरीचा जो हिशेब मांडला तो मला पटला, म्हणून या वेळी मी कारागिराशी यंत्रामागे नव्हे, तर दिवसाच्या हिशेबाने ठरवले आणि दोन दिवसांची मजुरी दिली. सावकाश काम करणारा माणूस मिळाला. वरच्या यंत्राच्या दोन्ही नळ्यांची तोंडे नव्याने केली, नायट्रोजनचा दाब रात्रभर धरून ठेवला, सकाळी काटा जिथल्या तिथे होता. मग पंप, आणि मग वजन करून गॅस. खालच्या दोन यंत्रांच्या नळ्याही त्याने उघडून पाहिल्या. एका ठिकाणी फुलवलेले तोंड तसेच वेडेवाकडे होते, फक्त अजून गळू लागले नव्हते.

चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे आउटडोअर भिंतीवरून उतरवून मागच्या पडवीच्या स्लॅबवर ठेवला आहे. जुना स्टँड काढताना चारपैकी दोन बोल्ट हातानेच बाहेर आले. बाबा ते पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत. विहिरीच्या त्या वाटेने ते दिवसातून आठ-दहा वेळा जातात.

अर्थिंगच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला. जुना खड्डा घरामागच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) होता, तिथे वीतभर मातीखाली कातळच आहे. परवानाधारक ठेकेदाराने मीटर लावून मोजले, तर मेच्या पहिल्या आठवड्यात रोध ४० ओहमच्या वर भरला. पाचच्या आत असावा असे ते म्हणाले. पावसाळ्यात मोजला असता, तर कदाचित बरा दिसला असता, म्हणून अर्थिंग उन्हाळ्याच्या अखेरीस, जमीन कोरडी ठणठणीत असताना मोजून घ्यावे असे मी सर्वांना सुचवीन. नवा खड्डा विहिरीजवळच्या ओलसर मातीत घेतला आणि तिथून घरापर्यंत तांब्याची पट्टी आणली. आता ३.८ ओहम आहे. न्यूट्रलला जोडलेला तो तुकडा काढून प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची वेगळी तार नेली, आरसीसीबी पुन्हा जोडली. ती पहिल्याच संध्याकाळी पडली, तेव्हा शोध घेतल्यावर पाण्याच्या पंपाच्या वायरीला उंदराने कुरतडलेले सापडले.

दुकानदाराला लेखी पत्र पाठवले आहे, पोच आली आहे, उत्तर अजून आलेले नाही. १९१५ वर नोंद केली आहे.

भिंत मात्र अजून वाळलेली नाही. खराब गिलावा काढून चिरे उघडे ठेवले आहेत आणि आगोटीपूर्वी ते कोरडे होतील की नाही, याची काळजी आहे, कारण एकदा पाऊस सुरू झाला की ऑक्टोबरपर्यंत काही करता येणार नाही. तोवर आई-बाबा खालच्या खोलीत झोपतात. बाबांनी ती बादली त्या खोलीच्या ड्रेनखाली ठेवली आहे आणि झोपण्यापूर्वी तासभर एसी चालवून आत किती पाणी जमले ते रोज मोजतात. काल रात्री सव्वा लिटर भरले, भिंतीला हात लावून पाहिला, भिंत कोरडी होती.